आजवर

मार्केट यार्ड, गाळा नंबर अठ्ठावीस.
काट्यावर मी वीस किलोचं प्रमाण-वजन ठेवलं.
आकडा जरा थरथरला, मग वीसवर बसला.
हळदीच्या धुरळ्यानं वही पिवळी, बोटं पिवळी,
पिशवीतला सरकारी शिक्कासुद्धा पिवळा.

दादगोंडा हमाल पोत्याला टेकून
न पेटवलेली बिडी दातात धरून बघत होता.
म्हणाला, बाई,
काटा तुम्ही वजनानं तपासला.
वजन कशानं तपासलं?

कचेरीत एक आहे, मी म्हणाले,
पेटीत, मखमलीवर. हातमोजे घालून उचलतात.
आनि त्ये?
राज्याच्या वजनानं.
आनि त्ये?
दिल्लीच्या.
आनि त्ये?
त्याच्यावर एक होतं, परदेशात, काचेच्या घुमटांखाली.
तेही आता निवृत्त झालं.
हल्ली निसर्गातलाच एक आकडा धरतात,
कधीच न बदलणारा.

बिडी दातातून निघाली.
कधीच?

आजवर तरी, म्हणाले मी,
आणि तो शब्द काट्यावर ठेवल्यासारखा
दोघांच्या मधे राहिला.

माझे वडील हरिपूरच्या पेवात उतरायचे.
तोंड माणसापुरतं, पोट खोलीएवढं,
आत कैक महिने कोंडलेली हळद.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
दिवा जगला तर आपण जगू, एवढंच त्यांचं शास्त्र.
एकदा तो मधेच विझला.
वडील काठावर बसले, चहा मागवला,
आणि शिव्या हळदीला दिल्या, दिव्याला नाही.

पुढं आठवीत तेरदाळे सरांनी ऑक्सिजन शिकवला
आणि भूमितीही तेच शिकवायचे.
पक्ष. साध्य. सिद्धता.
मी विचारलं, सर, पक्षाची सिद्धता?
बोटांवरचा खडू फुंकत म्हणाले,
पक्ष सिद्ध करत नाहीत गं, मुल्लाणी. पक्ष दिलेला असतो.
कुणी दिलेला, ते विचारायचं राहिलं.
तास संपला होता.

उद्या आजसारखा असेल.
हे कशावरून, तर कालपर्यंतचे सगळे उद्या तसे निघाले म्हणून.
म्हणजे साक्षीदार घरचाच,
आणि कोर्टही त्याच्याच ओसरीवर.
असल्या साक्षीवर मी कुणाचा काटा पास केला नसता.
तरी तीस वर्षं
याच साक्षीवर शिक्के मारतेय.

शेजारच्या गाळ्यात सौदा चालला होता,
रुमालाखाली दोन हात,
बोटांनी बोटांना सांगितलेला भाव.
बाहेरच्यांना फक्त कापड हललेलं दिसतं.
मला वाटलं, आपलंही असंच,
कुणीतरी बोटं दाबतंय
आणि आपण भाव लिहून घेतोय.
पण नाही, तेवढंच नाही.
दिव्याला विझायची मोकळीक होती.
वडिलांनी त्याला कधी गळ घातली नाही
की बाबा, जळत राहा.

हे मी दादगोंडाला सांगितलं, जमेल तसं.
तो म्हणाला, बरोबर हाय.
पर दिवा इझला म्हंजी हवा वंगाळ,
ह्ये तरी दिव्यानं सांगितलं, का तुमच्या आबानं?

मी वही चाळू लागले.

मग तो स्वतःच काट्यावर चढला.
चोपन्न किलो, सहाशे ग्रॅम.
काल पन एवढाच हुतो का?
कसं सांगू, म्हणाले मी, काल तुम्ही चढला नव्हता.
त्याला हे उत्तर फार आवडलं.
उतरला, पोतं पाठीवर घेतलं,
आणि काट्यावर न पडणारं काहीतरी पुटपुटत गेला.

मी शिक्का मारला. वैध, बारा महिने.
कायद्यानं उद्याला एवढीच मुदत दिली आहे.

वजन पेटीत ठेवताना दिसलं,
हातमोजे घालायचे विसरले होते,
त्याच्या खांद्यावर माझं पिवळं बोट उमटलेलं.
ओढणीनं पुसलं.
पुन्हा पुसलं.
किती पुसलं गेलं, हे मोजायला
जवळ ते एकच वजन होतं.